आधी घड्याळजी, मग घड्याळ

हल्ली तरुण मुलांना किल्लीच्या घड्याळांची पुन्हा हौस वाटू लागली आहे. रोज वापरायला जुने घड्याळ कुठले घ्यावे, असे नात्यातली दोन-तीन मुले मला विचारून गेली. सगळ्यांना मी एकच सांगतो, आधी घड्याळजी शोधा, मग घड्याळ. त्यांना ही थट्टा वाटते. पण माझे मत खरोखरच तसे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

किल्लीचे साधे जुने घड्याळ तासाला १८,००० ठोके देते, म्हणजे दिवसाला सव्वाचार लाखांहून अधिक. आतले तेल वाळले तरी ते काही काळ चालत राहते आणि चाकांचे बारीक आस झिजत जातात. म्हणून चालू असले तरी तीन-चार वर्षांनी ते उघडून, साफ करून, तेल घालून घ्यावे लागते. रोज मनगटावर बांधायचे तर जवळपास जाणता माणूस हवाच.

या हिशेबाने माझा कौल एचएमटीला. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळुरात ही घड्याळे बनू लागली. एचएमटी वॉचेस कंपनी बंद करायला केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्ये मंजुरी दिली. तरी जनता, पायलट, कोहिनूर ही घड्याळे घरोघरी इतकी होती की सुटे भाग अजून मिळतात, आणि जुन्या कारागिरांना ते यंत्र पाठ आहे. स्विस फेवर-ल्युबा रुबाबदार खरे, पण त्याचा एखादा भाग गेला की शोधाशोध आली.

नेटवर गुलाबी, हिरव्या, कोऱ्या करकरीत तबकडीची 'जुनी' एचएमटी दिसली तर सावध व्हावे. पुष्कळदा तबकडी नव्याने रंगवलेली असते आणि आत चार घड्याळांचे भाग एकत्र केलेले असतात. थोडी पिवळी पडलेली मूळची तबकडी मला जास्त विश्वासाची वाटते.

आपल्या किनाऱ्याची तर तऱ्हाच वेगळी. रेवदंडा-मुरूडचा खारा वारा, घाम, वर चार महिने पाऊस. काचेच्या आत वाफ दिसली तर त्याच दिवशी दुकान गाठावे. पावसाळ्यात सरळ सेलचे घड्याळ बांधावे, त्यात कमीपणा नाही. लोहचुंबकाचेही पथ्य आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याच्या चुंबकीय नोंदींसाठी १९०४ मध्ये अलिबागला वेधशाळा सुरू झाली. घड्याळाची केसासारखी स्प्रिंगही तशीच हळवी. चुंबकी झाकणाच्या मोबाईल कव्हरशेजारी ठेवले की घड्याळ पुढे पळू लागते.

नोकरी लागल्यावर १९७४ साली घेतलेली माझी जनता आजही चालते, ती आमच्या घड्याळजींमुळे. त्यांनीही सत्तरी ओलांडली आहे. मुलाने त्याच दुकानात मोबाईल दुरुस्ती मांडली आहे. डोळ्याला भिंग लावून बसणारे आता ते एकटेच. त्यांच्यानंतर काय, हा विषय आम्ही दोघेही काढत नाही.

म्हणून सांगतो, घड्याळ घ्यायचे तर अशा कारागिराकडूनच घ्या. दोन पैसे जास्त पडले तरी घासाघीस करू नका. घरात बंद पडलेले असेल तर तेही त्यांच्याकडे न्या. हाताला काम राहिले तरच एखादा पोरगा शेजारी बसून शिकेल.

असो. तुमच्या गावात असे घड्याळजी अजून आहेत का? जरूर कळवा.