कथेचा सातबारा कोणाच्या नावावर?

डहाणू-तलासरीच्या वारल्यांची जमीन सावकाराने कागदाच्या बळावर गिळली. १९४५ साली पेटलेल्या लढ्याने वेठबिगार मोडली; कागदाची सत्ता मात्र उरली. धवलेरी लग्नचौकापुढे जी कथा गाते, तिला १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या लेखी कर्ताच नाही. ती उतरवून घेणाऱ्याच्या पुस्तकाला मात्र त्याच्या हयातीत व पुढे ६० वर्षे संरक्षण आहे. श्रम पिढ्यांचे, मालकी संकलकाची! कथा कुलपात ठेवा, असे कोणी म्हणत नाही. परंतु गाणारीची संमती, तिचे नाव आणि उत्पन्नात तिच्या पाड्याचा वाटा यांवाचून केलेले पुनर्कथन ही लोकसेवा नव्हे, सावकारीच होय. १९९६ च्या पेसा कायद्याने परंपरांच्या जतनाचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. तो बजावण्यासाठी कार्यकर्त्यांनी पाड्यापाड्यांवर तिच्या पाठीशी उभे राहिले पाहिजे.