इंटरकूलर : हवेचा की पाण्याचा?

टर्बो गाड्या वाढल्या तसा गॅरेजमध्ये एक सल्लाही वरचेवर दिला जाऊ लागला आहे. "हवेचा इंटरकूलर काढा, पाण्याचा बसवा, पिकअप वाढेल." हा सल्ला चुकला तर पैसा ग्राहकाचा जातो आणि नाव गॅरेजवाल्याचे खराब होते. म्हणून गाडीमालक व मिस्त्री दोघांनीही हा विषय समजून घेणे जरुरीचे आहे.

टर्बो हवा दाबतो आणि दाबलेली हवा तापते. तिचे तापमान शंभर अंशांच्या पुढे सहज जाते. गरम हवा विरळ असते. दाब तोच ठेवून १२० अंशांची हवा ५० अंशांवर आणली, तर तेवढ्याच जागेत वीस टक्क्यांहून अधिक हवा मावते. शिवाय पेट्रोल इंजिनात नॉकिंगचा धोका कमी होतो. हेच इंटरकूलरचे काम.

हवेच्या कूलरला पंप नाही, पाणी नाही. समोरचा वारा जाळीतून गेला की काम झाले. मात्र तो पुढे बसवला तर पाइप लांब लागतात आणि गाडी ट्रॅफिकमध्ये उभी राहिली की वारा थांबतो. पाण्याचा कूलर इंजिनाला लागूनच बसतो. पाइप आखूड असल्याने दाब लवकर मिळतो. वजनाच्या हिशेबाने पाणी हवेच्या चौपट उष्णता घेते, त्यामुळे थोड्या वेळाचा जोर ते उत्तम पेलते.

परंतु पाण्याने घेतलेली उष्णता जाते कुठे? पुढच्या वेगळ्या रेडिएटरमधून अखेर हवेतच! घाटात लांब चढण लागली आणि रेडिएटर लहान पडला, तर तापलेले पाणी लवकर निवत नाही. वर पंप, होज आणि गळतीची काळजी. कूलर आतून गळला तर कूलंट थेट इंजिनात जाऊ शकते.

मोठ्या कंपन्यांचेही यात एकमत नाही. सुबारूने १९८९ च्या लेगसी आरएसला पाण्याचा कूलर दिला, पण १९९२ च्या इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्सला हवेचा. टोयोटाने मात्र १९९४ च्या सेलिका जीटी-फोरला पाण्याचा दिला. दोन्ही कंपन्यांनी त्या दशकात जागतिक रॅलीत निर्मात्यांचे अजिंक्यपद मिळवले. आपल्याकडे पहिल्या पिढीच्या फॉर्च्युनरच्या बोनेटवरील झडप हवेच्या कूलरसाठीच होती. उलट पुण्याजवळ चाकणला तयार झालेल्या फोक्सवॅगन टायगुन व व्हर्टसच्या एक लिटर इंजिनात पाण्याचा कूलर इनटेक मॅनिफोल्डमध्येच बसवलेला आहे.

आमचे मत स्पष्ट आहे. कंपनीने पाण्याचा कूलर दिला असेल तर तो उत्तमच, कारण त्याचा पंप व रेडिएटर त्याच मापाने बनवलेले असतात. पण रोजच्या वापराच्या गाडीत हवेचा काढून पाण्याचा बसवणे हा व्यवहार तोट्याचा आहे. पिकअप कमी झाला, काळा धूर येऊ लागला, तर आधी इंटरकूलरचे होज व क्लिपा तपासा. फाटलेला होज बदलला की पुष्कळदा तक्रार तिथेच मिटते. पाण्याचा कूलर असलेली जुनी गाडी घेताना पंप चालतो का आणि कूलंट वारंवार कमी होते का, हे पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नका. मिस्त्री मंडळींनीही ग्राहकाला खरे तेच सांगावे. त्यात आजचे बिल लहान होईल, पण ग्राहक टिकेल.