बांधावरचा सोनकिडा: शत्रू की साक्षीदार?

पावसाळ्याच्या आरंभी बाभळीवरचा हिरवागार सोनकिडा पकडून काड्यापेटीत ठेवायचा आणि बाभळीचा पाला खाऊ घालून चार दिवस मिरवायचा, ही महाराष्ट्राच्या कोरडवाहू भागातील बालपणाची एक सार्वत्रिक आठवण आहे. आजच्या शाळकरी मुलांपैकी किती जणांनी सोनकिडा हाती धरला आहे, हा प्रश्न विस्तार कार्यकर्त्यांनी आपल्या गावात एकदा विचारून पाहावा. या प्रश्नाचा संबंध आपल्या शिफारशींशी आहे, असे माझे मत आहे.

सोनकिडा हा ब्युप्रेस्टिडी कुळातील भुंगेरा होय. जगभरात या कुळाच्या सुमारे 15,000 जाती ज्ञात आहेत. त्यांची झळाळी बहुतांशी रंगद्रव्याची नसून पंखांवरील कवचाच्या सूक्ष्म थरांतून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाची असते. म्हणूनच कीटक मेल्यावरही ती टिकते आणि म्हणूनच स्टर्नोसेरा प्रजातीच्या पंखकवचांनी एकेकाळी भारतीय भरतकाम सजले. त्याच उपकुळातील जुलोडिस प्रजाती आफ्रिकेपासून पश्चिम आशियामार्गे वायव्य भारतापर्यंतच्या शुष्क पट्ट्यात आढळते. जाड, लांबट अंगावर केसांचे पुंजके मिरवणारे हे भुंगेरे मरुभूमीतील काटेरी झुडुपांवर जगतात.

या मरुभूमीचा पूर्वेकडील काठ पाहायचा असेल, तर जयपूर जिल्ह्यातील चौमूंचा परिसर पाहावा. राजस्थानच्या कृषी-हवामान विभागणीत जयपूर जिल्हा निमशुष्क पूर्व मैदानी विभागात मोडतो. वालुकामय जमीन, बाजरी व भुईमुगाची शेते, बोरीच्या बागा, भाजीपाल्याचे मळे, बांधांवर खेजडी म्हणजे आपली शमी, आणि सामोदकडे वळताच अरवलीच्या खडकाळ टेकड्या. विहिरींच्या पाण्यावर शेती विस्तारली, भूजल खोल गेले आणि न नांगरलेल्या जमिनीचे तुकडे आक्रसले.

रत्नकीटकांच्या दृष्टीने हे तुकडेच महत्त्वाचे आहेत. स्टर्नोसेरा आणि जुलोडिस यांच्या अळ्या खोडात नव्हे, तर मातीत राहून मुळांवर जगतात. वाढीचा प्रदीर्घ काळ जमिनीखाली काढायचा आणि प्रौढ होऊन जेमतेम काही आठवडे उजेडात वावरायचे, असा त्यांचा जीवनक्रम आहे. सोनकिड्याला झाड आणि झाडाखालची न हललेली माती दोन्ही लागतात. ज्या बांधावर तो दरवर्षी दिसतो, तो बांध अनेक वर्षे कोरला गेलेला नाही, याचा तो साक्षीदार असतो.

येथेच आपल्या क्षेत्रातील खरा पेच उभा राहतो. हुमणी ही चौमूंच्या भुईमुगाची आणि आपल्या उसाचीही मोठी वैरीण. जयपूरजवळील दुर्गापुरा येथील संशोधन केंद्राने हुमणीवर दीर्घकाळ काम केले आहे. पहिल्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून बाहेर पडून कडुनिंब, बोर, बाभूळ, खेजडी यांवर जमतात; म्हणून या झाडांवर फवारणी करण्याची शिफारस दिली जाते. ती शास्त्रीय आधारावरच उभी आहे. परंतु त्याच दिवसांत, त्याच झाडांवर सोनकिडाही येतो. सरसकट फवारणी या दोघांत भेद करीत नाही.

भेद करणे मात्र अवघड नाही. हुमणीचा भुंगेरा तपकिरी आणि निशाचर; सोनकिडा चकाकणारा आणि दिवसा वावरणारा. हुमणीची अळी इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वाकडी व सहा पायांची. रत्नकीटकाची अळी बिनपायांची. म्हणून भुंगेरे रात्री फांद्या हलवून खाली पाडणे व रॉकेलमिश्रित पाण्यात टाकून नष्ट करणे, या सामुदायिक मोहिमेला प्राधान्य द्यावे. राजस्थानातील हुमणीच्या मुख्य जातीसाठी मिथॉक्सीबेन्झीन हे गंध-आमिष उपयुक्त ठरले आहे. त्यायोगे भुंगेरे मोजक्या झाडांवर एकवटतात आणि उरलेली झाडे फवारणीविना राहू शकतात.

याचा अर्थ प्रत्येक रत्नकीटक निरुपद्रवी आहे, असा नव्हे. स्फेनोप्टेरा प्रजातीच्या अळ्या कापूस व भुईमुगाची मुळे आणि खोडे पोखरतात. उत्तर अमेरिकेत 2002 मध्ये आढळलेल्या एका परकीय रत्नकीटकाने तेथील अॅश वृक्ष कोट्यवधींच्या संख्येने नष्ट केले. उलटपक्षी, खेजडी वाळण्यामागे मुळे पोखरणारा जो भुंगेरा आढळतो, तो रत्नकीटकांच्या कुळातला नाही, लांब मिशांच्या निराळ्या कुळातला आहे. सांगायचे इतकेच, की एका कुळाच्या नावावर सरसकट निकाल देता येत नाही. जात ओळखावी, नुकसान मोजावे, मगच उपाय सांगावा.

शेतकऱ्यांचा आक्षेप मला ठाऊक आहे. दोन एकरांच्या धन्याला बांधावरची बाभूळ परवडत नाही. तिच्या सावलीत पीक खुरटते. हे खरे आहे आणि कीटकासाठी उत्पन्न सोडा, असे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण झाड समूळ उपटणे आणि त्याची छाटणी करणे यांत अंतर आहे. राजस्थानच्या शेतकऱ्याने बाजरीच्या शेतात खेजडी पिढ्यान्‌पिढ्या राखली, कारण छाटलेला पाला जनावरांना आणि सांगरीच्या शेंगा घराला मिळतात. 1983 मध्ये त्या राज्याने खेजडीला राज्यवृक्षाचा मान दिला, त्यामागे हा व्यवहारही आहे.

म्हणून तीन सूचना कराव्याशा वाटतात. उन्हाळी खोल नांगरटीची शिफारस शेतापुरती आहे, बांध व गायरानासाठी नाही, हे आपल्या पत्रकांत स्पष्ट लिहावे. जेसीबीने बांध कोरण्याची प्रथा शिवारातील एका तरी जुन्या बांधापुरती थांबवावी. आणि सोनकिडा दिसताच तारीख, झाड, जमिनीचा प्रकार व छायाचित्र यांची नोंद ठेवावी. एखादी जात दुर्मीळ आहे की केवळ दुर्लक्षित, हे अशा नोंदींवाचून कोणत्याही संस्थेला ठरवता येणार नाही.

गायरानावर वेडी बाभूळ माजली की तेही दुरून हिरवेच दिसते. पण हिरवे दिसणे म्हणजे अधिवास शाबूत असणे नव्हे. चौमूंची खेजडी असो वा माणदेशाची हिवर, तिच्याखालची माती वर्षानुवर्षे शांत राहिली, तरच तिच्यावर पुढच्या मृगात सोनकिडा बसेल. येत्या पावसाळ्यात फवारणीचा पंप खांद्यावर घेण्यापूर्वी, दिवसाउजेडी त्या झाडाकडे एकदा निरखून पाहावे, एवढीच विनंती.