चाळिशीनंतर व्यायाम करा म्हणता, मग मैदानाचं कुलूप कोण काढणार?

"आता या वयात कसला व्यायाम!" आपल्याकडे बायका हे चाळिशीतच म्हणायला लागतात, पुरुष पन्नाशीत. सूर एकच. शरीर गेलं ते गेलं, आता गोळ्या वेळेवर घ्यायच्या आणि गप बसायचं. हे साफ चुकीचं आहे. आणि यात आपल्या नगरपालिकेचाही विषय आहे, म्हणून पोस्ट जरा लांबलीय. सवडीने वाचा.

आधी शरीराचं. अमेरिकेत डॅलसला १९६६ साली विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे नुसतं अंथरुणावर पडून राहायला लावलं होतं. त्यांचा दमसास किती घसरतो ते बघायचं होतं. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा बोलावलं. आता सगळे पन्नाशीचे, पोटं सुटलेली, वजनं वाढलेली. तपासणीत काय निघालं? तीस वर्षांच्या वयाने दमसासाचं जेवढं नुकसान केलं, त्यापेक्षा जास्त नुकसान तेव्हाच्या त्या तीन आठवड्यांच्या झोपण्याने केलं होतं! मग त्यांना सहा महिने चालणं, जॉगिंग, सायकल असा हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम दिला. दमसास परत विशीतल्या पातळीवर आला. पन्नाशीत.

पाचच माणसं होती, हे खरं. पण २०१८ मध्ये डॅलसच्याच डॉक्टरांचा आणखी एक अभ्यास आला. ४५ ते ६४ वयाचे, बैठं आयुष्य जगणारे ५३ लोक, दोन वर्षं. ज्यांनी आठवड्यातले चार-पाच दिवस दम लागेल असा व्यायाम केला, त्यांचं ताठर होत चाललेलं हृदय पुन्हा लवचिक झालं. दुसऱ्या गटाला योग, तोल सांभाळायचे व्यायाम आणि वजनं उचलणं दिलं होतं, त्यांच्या हृदयात तसा फरक दिसला नाही. योगवाल्यांनी माझ्यावर रागावू नका. सांध्यांना, तोलाला, मनाला योग चांगलाच, मीही करते. फक्त हृदयासाठी दम लागला पाहिजे, एवढंच.

घरकाम हाच आमचा व्यायाम, असं म्हणणाऱ्या मैत्रिणींनाही हेच सांगते. घरकामाने कंबर मोडते, पण सलग वीस मिनिटं दम क्वचितच लागतो. मी स्वतः ४६ व्या वर्षी चालायला लागले, आज ४९ आहे. वजन म्हणाल तर फार काही उतरलं नाही. पण दळणाचा डबा घेऊन तिसऱ्या मजल्यावर न थांबता चढते आणि रात्री झोप लागते. पाळी जायच्या वयात बाईची हाडं झपाट्याने ठिसूळ होतात, स्नायू तर त्याआधीपासूनच कमी होत असतात. म्हणून चालण्याच्या जोडीला आठवड्यातून दोनदा तरी स्नायूंना ताण देणारं काहीतरी हवं. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, एवढ्यापासून सुरुवात होते. छातीत दुखत असेल, बीपी-शुगर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आता सार्वजनिक भाग. २०२४ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आकडे आले होते. भारतातल्या ५७ टक्के बायका आणि ४२ टक्के पुरुष पुरेशी हालचाल करत नाहीत. हा पंधरा टक्क्यांचा फरक आळसाचा आहे, असं मला कुणी तोंडावर सांगावं!

आपल्या बागेतला ट्रॅक सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ५ ते ८ उघडा असतो. त्याच वेळेत नळाला पाणी येतं, डबे होतात, पोरांचा क्लास असतो, स्वयंपाक असतो. बाईला मोकळा वेळ मिळतो तो दुपारी दोन ते चार, नाहीतर रात्री नऊनंतर. तेव्हा गेटला कुलूप. वॉचमनला विचारलं तर म्हणतो, "ताई, दुपारी जोडपी येऊन बसतात, म्हणून बंद." म्हणजे दोन जोडपी बसू नयेत म्हणून अख्ख्या गावातल्या बायकांनी मेन रोडला ट्रक चुकवत चालायचं. फुटपाथ आहे, पण त्यावर गाड्या लावलेल्या. ओपन जिमच्या सहा यंत्रांपैकी चालू दोन. उद्घाटनाचा बोर्ड मात्र अजून चकाचक आहे, त्याला गंज कसा लागत नाही देव जाणे.

हे पैशाचं दुखणं नाही. ट्रॅक बांधून झालाय. गेट पहाटे ५ ते रात्री १० सलग उघडं ठेवा, बंद पडलेले दिवे लावा आणि बायकांसाठीचं स्वच्छतागृह, ज्यात सध्या झाडू आणि पाइप ठेवलेत, ते मोकळं करा. रात्रपाळीला अजून एक वॉचमन लागेल, लागू द्या. शाळेचं मैदानही सुट्टीच्या दिवशी उघडता येईल, पण ते पुढचं. आधी ही बाग.

निवेदन लिहून तयार आहे. पुढच्या सोमवारी सकाळी ११ वाजता मुख्याधिकाऱ्यांना द्यायचंय. चाळीस सह्या झाल्यात, त्यात पुरुषांच्या फक्त सहा. ज्यांना सही करायचीय त्यांनी कमेंटमध्ये फक्त 'हो' लिहा, कागद घेऊन मी घरी येते. चालतच येईन.