‘इरु’, ‘अरु’ आणि आपले ‘आहे’

म्हैसूरच्या गोकुलममध्ये योगाभ्यासासाठी आलेल्या जपानी विद्यार्थ्यांच्या तोंडचे ‘इरु’ कन्नड कानाला ओळखीचे वाटते. दोन्हीकडे अर्थ ‘असणे’ असाच. (एवढ्यावरून भाषाकुलाचा इमला मात्र रचू नये.) कन्नड ‘इरु’ माणसालाही चालते आणि दगडालाही. जपानीत सचेतनाला ‘इरु’, अचेतनाला ‘अरु’. वाढत्या झाडालाही ‘अरु’च. हा नियम कोशात दोन ओळींत मिळतो. परंतु ‘देवळात विठोबा आहे’ हे साधे वाक्य जपानीत कसे न्यावे? ‘अरु’ म्हणावे तर मूर्तीच उरते. ‘इरु’ म्हणावे तर देव नांदू लागतो. मराठी ‘आहे’ने मोकळा ठेवलेला हा निर्णय भाषांतरकाराला टाळता येत नाही. वारकरी काही दगडाला भेटावयास जात नाही. म्हणून संतवाङ्मयापुरते तरी मी ‘इरु’ पत्करीन.