काहिलीचा चटका दैवाचा नव्हे

दौंड तालुक्यात भीमा व मुळा-मुठेच्या काठी आणि शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी गुऱ्हाळांची चुलवाणे पेटली आहेत. गुळाच्या गोडीविषयी व भावाविषयी बाजारात पुष्कळ बोलले जाते. आज आम्हांस त्याच गुळापायी भाजलेल्या हातापायांविषयी दोन शब्द लिहावयाचे आहेत.

गेल्या हंगामात आमच्या वर्गातील एक मुलगा आठ दिवस शाळेत दिसला नाही. चौकशीस गेलो, तो पोर खाटेवर पाय पसरून कण्हत पडलेले. वाफ्यात ओतलेल्या गुळावर साय धरली होती. तो निवला असे समजून पोराने पाय टाकला. साय फुटली आणि पाय घोट्यापर्यंत आत गेला. घरच्यांनी प्रथम शाई ओतली, मग तूप चोळले, त्यावर दात घासण्याची पेस्ट लावली, आणि शेवटी एका जाणत्याने मंत्र पुटपुटून अंगारा फासला. पाणी मात्र कोणी घातले नाही. पाण्याने फोड येतो अशी समजूत! दहा पावलांवर पाण्याची टाकी काठोकाठ भरलेली होती. पोराची आई आम्हांस म्हणाली, "काय करावं गुरुजी, त्याच्या नशिबातच होतं."

आमच्या बहुजन समाजाचा घात या एका वाक्याने जितका केला आहे तितका दुष्काळानेही केला नसेल. नशीब म्हटले की विचार थांबतो, मालकाची जबाबदारी संपते, आणि पुढच्या हंगामात दुसऱ्याचे पोर त्याच वाफ्यात पाय टाकते. म्हणून आम्ही स्पष्ट सांगतो की, काहिलीचा चटका ब्रह्मदेव कपाळी लिहीत नाही. त्यास कारण असते; आणि ज्यास कारण असते त्यास उपायही असतो.

कारण समजून घ्या. पाणी 100 अंशांवर उकळते. पण गुळाचा पाक उतरविण्याजोगा होतो तेव्हा त्याची उष्णता 118 अंशांच्या आसपास गेलेली असते. शिवाय उकळते पाणी अंगावरून ओघळून जाते, पाक कातडीस चिकटून बसतो आणि आपली आग आत सोडीत राहतो. वरची साय निवली तरी पोटातला गूळ कितीतरी वेळ तापलेला असतो.

या बाबतीत काच फुंकणाऱ्या कारागिरांपासून धडा घ्यावा. आमच्याच जिल्ह्यात तळेगाव येथे लोकांकडून पैसा पैसा गोळा करून 1908 साली पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. त्या काळच्या पुढाऱ्यांशी आमचे मतभेद कितीही असोत, कसब हे कसबच असते. भट्टीतून काढलेली काच लालबुंद दिसते. पण सुमारे 500 अंशांच्या खाली आली की लाली मावळते, आणि मग तापलेली काच व थंड काच डोळ्यांस सारखीच दिसू लागते. यासाठी काचकामाचा पहिला नियम असा की, थंड असल्याची खात्री होईतो प्रत्येक काच तापलेलीच समजावी. दुसरा नियम असा की, फुंकणीच्या टोकास रसरशीत गोळा घेऊन कारागीर वळला की त्याने आवाज द्यावा, आणि त्याच्या वाटेत कोणी आडवे येऊ नये. हे दोन नियम गुऱ्हाळास जसेच्या तसे लागू आहेत. वाफ्यातला गूळ तापलेलाच समजा. काहील उतरवून वाफ्यात ओतताना गुळव्याने मोठ्याने हाक द्यावी, आणि त्या वाटेवर ना चिपाड, ना बादली, ना पोर असावे.

बाकीची दक्षता फारशी खर्चाची नाही. काहिलीच्या ज्या बाजूंस कामाची माणसे उभी राहत नाहीत त्या बाजूंस विटांचा कट्टा किंवा लोखंडी कठडा घालावा. सभोवारची जमीन मळी व पाक सांडून निसरडी होते. ती दर आदणानंतर राख टाकून झाडावी. वाळल्या चिपाडाचा ढीग चुलवाणाच्या तोंडापासून दूर ठेवावा व जवळ वाळूच्या बादल्या असाव्यात. चरकाशी काम करणाऱ्याने सैल बाही, लोंबता पदर, उपरणे वा हातात कडे ठेवू नये. चरकाचे कळदाबण उभ्या माणसाच्या हाताशी असावे. हात सापडला तर आधी यंत्र बंद करावे, माणसास ओढू नये. पायांत बूट हवेत, रबरी चप्पल नव्हे. टायर व प्लास्टिक चुलवाणात घालणे तर सर्वथा बंद व्हावे. त्या विषारी धुराने चुलवाणापुढे बसलेल्या माणसाची छाती आधी जळते आणि गावाची मागून.

इतके करूनही प्रसंग आलाच तर काय करावे? हा भाग आमच्या मायबहिणींनी कोणाकडून तरी वाचवून घेऊन पाठ करावा. भाजलेल्या जागी तत्काळ साधे, स्वच्छ, थंड पाणी सतत वीस मिनिटे घालावे. नळ नसेल तर तांब्यामागून तांब्या ओतावा. बर्फ लावू नये. चिकटलेला गूळ ओरबाडू नये, नाहीतर कातडी त्याच्याबरोबर येईल. गूळ पाण्यात विरघळतो, तो आपोआप सुटेल. सूज येण्यापूर्वी अंगठी, बांगड्या, करदोटा काढावा. कातडीस चिकटलेले कापड मात्र तसेच राहू द्यावे. फोड फोडू नयेत. शाई, तूप, हळद, चुना, पेस्ट, माती, अंगारा यांपैकी काहीही लावू नये. धुतलेल्या स्वच्छ कापडाने जागा सैल झाकावी व बाकीचे अंग उबदार ठेवावे, विशेषतः लेकराचे. अंगावरचे कपडे पेटले तर पळू नये. जमिनीवर पडून लोळावे, इतरांनी वर घोंगडी टाकून आग विझवावी. चुन्याची निवळी डोळ्यांत उडाली तर डोळा उघडा धरून वीस मिनिटे पाण्याने धुवावा.

भाजलेला भाग तळहाताहून मोठा असेल, चेहरा, डोळे, हात, सांधे किंवा गुप्त भाग भाजला असेल, कातडी पांढरी वा काळी पडली असेल, अथवा भाजलेले लहान मूल असेल, तर एक क्षणही न दवडता 108 या क्रमांकावर फोन करावा. ही सरकारी रुग्णवाहिका महाराष्ट्रात 2014 पासून आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. गाडी येईपर्यंत पाणी चालू ठेवावे. मांत्रिकाकडे घालविलेला तास परत येत नाही.

आता आमच्याच बांधवांस थोडे कठोर बोलणे भाग आहे. सप्टेंबर 1884 मध्ये सत्यशोधक नारायणराव मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा भरवून मागण्या मांडल्या, आणि त्या अर्जावर सुमारे 5,500 कामगारांनी सह्या केल्या. रविवारच्या सुट्टीची मागणी सर्वांस ठाऊक आहे. पण त्याच अर्जात असेही होते की, कामावर जखमी झालेल्यास बरा होईतो पूर्ण पगार मिळावा, आणि जो जन्माचा अपंग झाला त्याच्या पोटाची सोय व्हावी. भरपाईचा कायदा व्हावयास 1923 साल उजाडले. एकोणचाळीस वर्षे!

त्या वेळी मागणी परक्या गिरणीमालकांकडे होती. आज गुऱ्हाळाचा मालक कोण? बहुधा आमचाच शेतकरी भाऊ. आणि चुलवाणापुढे कोण? उत्तर प्रदेशातून पोटासाठी आलेला परमुलखी मजूर, ज्याचे या गावात ना गोत ना वाली. अथवा आमचाच भूमिहीन शेजारी. लोखंडे यांचे चित्र भिंतीवर लावून त्यांची मागणी चुलवाणात घालणे, यास सत्यशोधन म्हणत नाहीत.

सरकारी तपासनीस येईल व सर्व नीट करील या भरवशावरही राहू नये. 1948 च्या कारखाने कायद्यात यंत्रावर चालणाऱ्या कामास 10 व यंत्राविना चालणाऱ्या कामास 20 कामगारांची मर्यादा होती; 2020 च्या व्यवसाय सुरक्षा संहितेने ती 20 व 40 केली. लहान गुऱ्हाळावर इतके हात नसतात. म्हणजे जेथे कायद्याचा हात तोकडा, तेथे गावाचा हात लांब हवा.

म्हणून आमची सूचना अशी. प्रत्येक ग्रामसभेने ठराव करावा की, गावच्या हद्दीतील गुऱ्हाळावर कठडा, भरलेली पाण्याची टाकी, वाळूच्या बादल्या आणि 108 चा ठळक फलक असलाच पाहिजे. चुलवाणाभोवती पोरे नसावीत. आणि मजुरांची नावे व हजेरी वहीत लिहिलेली असावी. कागदावर ज्याचे नावच नाही, त्याने भरपाई कोणत्या तोंडाने मागावी? शाळांनी भाजल्यावरचा उपचार मुलांकडून प्रत्यक्ष करवून घ्यावा. आमच्या वर्गात आम्ही तो सुरू केला आहे.

तो मुलगा आता लंगडत का होईना, शाळेत येतो. परवा त्यानेच फळ्यापुढे उभे राहून इतरांस सांगितले, "आधी पाणी, वीस मिनिटं." त्याच्या आईस जे कोणी सांगितले नव्हते, ते आता वर्गातल्या प्रत्येक पोराच्या घरी पोहोचले आहे. वाचकहो, तुमच्याही घरी ते आज पोहोचले. पुढे कोणी नशिबाचे नाव काढले, तर त्यास आधी पाण्याची टाकी दाखवा.