बिंब गेले, तोंडले राहिले

चिनी भाषेत सफरचंदाला 'पिंगग्वो' म्हणतात, आणि या नावाचे मूळ संस्कृत 'बिंब' या शब्दात सापडते. ही माहिती कानी पडली की आपल्याकडे बहुधा एकच उद्गार निघतो : म्हणजे तेही आपल्याकडूनच गेले तर! या व्युत्पत्तीतून शिकण्याजोगे पुष्कळ आहे. मात्र नेमकी हीच गोष्ट तीतून सिद्ध होत नाही, असे आम्हांस वाटते.

बिंब म्हणजे तोंडले. पिकले की ते लालभडक होते, म्हणूनच 'मेघदूता'त कालिदासाने यक्षपत्नीच्या ओठांना त्याची उपमा दिली. बौद्ध ग्रंथांतही बुद्धाचे ओठ बिंबफळासारखे लाल सांगितले आहेत. हे ग्रंथ चिनीत नेताना भाषांतरकारांनी अनेक संस्कृत शब्दांप्रमाणे येथेही केवळ ध्वनी उतरवून घेतला आणि 'पिनपो' हा शब्द तयार झाला. मूळ वेल डोळ्यांसमोर नसलेल्या वाचकाच्या हाती उरले ते एक नाव आणि एक रंग. पुढे युआन राजवटीत, तेरा-चौदाव्या शतकांच्या सुमारास, मध्य आशियाकडून नव्या जातीचे सफरचंद चीनमध्ये रुजले, तेव्हा हे नाव त्याला चिकटले. 'ग्वो' म्हणजे फळ. 'पिनपोग्वो'चे आखडून 'पिंगग्वो' झाले. वांग श्यांगचिन याच्या 1621 च्या वनस्पतिग्रंथात ते रूप आढळते. थोडक्यात, फळ एका वाटेने आले, नाव दुसऱ्या वाटेने, आणि तोंडले आपल्या मांडवावरच राहिले.

शेजारच्या भाषांकडे पाहिले तर हे अधिक स्पष्ट होते. जपानी 'रिंगो' हा 'लिनछिन' या वेगळ्या चिनी शब्दावरून आला. ते आशियातील लहान सफरचंदाचे नाव. गोड फळाच्या ओढीने रानात पक्षी जमतात म्हणून हे नाव पडले, असा त्याचा खुलासा सोळाव्या शतकातील ली शिचनच्या औषधिकोशात मिळतो. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून मोठ्या सफरचंदाची रोपे जपानात आली आणि लहान फळाचे नाव मोठ्याने घेतले. कोरियन भाषेतील जुना 'नुंगुम' त्याच कुळातला. रोजचा शब्द मात्र 'साग्वा', अक्षरार्थाने 'वाळूफळ'. व्हिएतनामीत 'ताओ' हा बोरासाठीच्या चिनी शब्दावरून आलेला; तेथे सफरचंद झाले 'पाश्चात्त्य ताओ' आणि बोर झाले 'आपले ताओ'. नवे फळ आले की प्रत्येक भाषेने हाताशी असलेले एखादे नाव त्याला दिले. त्यात वारशाइतकाच सोयीचाही भाग आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्याला हे ठाऊक असणे का आवश्यक आहे, याचे एक उदाहरण चिनी परंपरेतच आहे. 'शिचिंग' या प्राचीन काव्यसंग्रहातील एका प्रसिद्ध कवितेत हरणे रानात 'पिंग' खातात. ती एक रानवनस्पती आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर चिनी लिपी सोपी करण्यात आली आणि सफरचंदाच्या नावातील पहिले अक्षर नेमके तेच झाले. आता नवख्या वाचकाला ती हरणे सफरचंदे खाताना दिसली, तर दोष त्याच्या अज्ञानापेक्षा आजचा अर्थ मागे रेटण्याच्या सवयीचा अधिक आहे.

ही सवय आपल्यातही आहे. 'बिंबाधर' शिकवताना आपण 'बिंबफळासारखे ओठ' एवढे सांगून पुढे जातो. बिंब म्हणजे परसातले पिकले तोंडले, हे वर्गात क्वचितच उच्चारले जाते. मग त्या शब्दाची गतही चीनमधल्यासारखीच होते : नाव उरते, फळ हरवते. आणि ज्या 'सफरचंदा'च्या बळावर आपण हा अभिमान मिरवणार, त्याचा संबंध अरबी 'सफरजल'शी जोडला जातो. अरबीत ते सफरचंदाच्या नात्यातल्या, पण वेगळ्याच एका फळाचे नाव आहे!

म्हणून आमचे मत असे की, व्युत्पत्ती शिकवताना वस्तूचा प्रवास, नावाचा प्रवास आणि लिपीचा प्रवास हे तीन वेगवेगळे मांडावेत. बिंब चीनला पोचले याचा आनंद जरूर मानावा. पण तो एका उपमेच्या प्रवासाचा आनंद आहे, मालकी हक्काचा नव्हे.